मेहकरच्या शिळेची तबकडी

मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली छापून आला. त्याच नावाची कविता मात्र त्याआधी वीसेक वर्षे गाजत होती. जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती गायली, एच.एम.व्ही.ने तिची तबकडी काढली, आणि मराठी भावगीताचा आरंभ बरेच जण तिथूनच धरतात. १९०९ साली सिंदखेडराजात जन्मलेल्या या कवीच्या कामी कागदाच्या आधी लाख आली.

लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर किडे जी राळ साठवतात तीच. तिच्यात दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून तबकड्या दाबल्या जात. लाखेचा मोठा पुरवठा भारतातूनच होई. १९०८ पासून ग्रामोफोन कंपनीचा कारखानाही कलकत्त्यात होता. भुकटी मुद्दाम घातलेली असे. ती पोलादी पिन घासून काढी आणि पिनेचे टोक खाचेत नीट बसे. म्हणूनच दर बाजूला नवी पिन लावायची. चावीच्या ग्रामोफोनची ध्वनिपेटी त्या पिनेवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकत असे.

एमिल बर्लिनर यांनी सपाट तबकडीचे पेटंट १८८७ मध्ये मागितले. पुढे रूढ झालेल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. ख्यालाला ती जागा अपुरी. आलापी गुंडाळून बंदिश उरकावी लागे. चार कडव्यांच्या कवितेला मात्र ती चपखल. भावगीताच्या जन्मात कवी आणि गायकाइतकाच त्या तीन मिनिटांचाही हात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

अशी तबकडी आज वाजवायची तर साठ-सत्तर सालचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणे हा चांगला मार्ग. त्यात बहुधा लाखेच्या तबकडीला लागणारी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची गती असते. नव्या यंत्रांपैकी पुष्कळांत ३३ आणि ४५ एवढेच आकडे. जुन्या यंत्रांपैकी अनेकांत मोटरच्या पायरीदार दांड्यावरून रबरी चाक फिरते आणि तेच थाळीला फिरवते. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिले की रबर कडक होते, त्याला खड्डा पडतो, आणि गाण्याखाली घरघर ऐकू येते. चाक बदलणे किंवा त्यावर नवे रबर चढवून घेणे, घट्ट झालेले जुने वंगण पुसून नवे तेल देणे आणि कोरडे पडलेले कपॅसिटर बदलणे, एवढ्याने बहुतेक यंत्रे बोलू लागतात.

मग गती तपासायची. त्यासाठी थाळीवर रेघांची चकती ठेवतात. ५० सायकलच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. ७७ रेघांची चकती त्याखाली स्थिर दिसली की थाळी मिनिटाला ७७.९२ फेरे घेते आहे. ६० सायकलच्या अमेरिकेत चकतीवरच्या रेघांची संख्या वेगळी, म्हणून हाच हिशेब ७८.२६ वर जातो. गती सहा टक्के वाढली तर गायक काळी एकऐवजी पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो! एलईडी दिव्याखाली या चकतीचा भरवसा धरू नये.

खरी सुधारणा पिनेची. नंतरच्या एलपी तबकडीची पिन साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येची, तर लाखेच्या तबकडीची खाच तिच्या तिपटीहून जास्त त्रिज्येची पिन मागते. बारीक पिन खाचेच्या तळाशी घसरते आणि कचराच वाजवते. पिन धरणाऱ्या जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या जागी चुंबकी बसवले की आर्मचा भार चार-पाच ग्रॅमवर आणता येतो. पण त्याचा संकेत काही मिलिव्होल्टचाच, त्यामुळे वेगळा प्रीअॅम्प लागतो. तबकडी पुसताना स्पिरिट टाळायचे. लाख त्यात विरघळते. नरम ब्रश आणि थोडे स्वच्छ पाणी पुरते.

आजच्या स्टिरिओ कार्ट्रिजच्या दोन वाहिन्या जोडून एक केल्या तर आणखी फायदा होतो. ७८च्या तबकडीत गाणे खाचेच्या आडव्या हेलकाव्यात असते, वर-खाली होणारी थरथर बहुतांशी धूळ आणि झिजेची. वाहिन्या योग्य रीतीने जोडल्या की ती थरथर परस्पर कापली जाते. शेवटी सूर जुळवण्याचे बटण: १९५४ नंतर एलपीसाठी रूढ झालेली आरआयएए जुळणी ‘शीळ’च्या काळच्या तबकडीला लागू नाही. तिचा खर्ज आणि तार सूर वेगळ्या हिशेबाने कोरलेले, म्हणून ते कानाने बसवावे लागतात.