'तिचं कोण करतं?': उपनगरांतल्या घरच्या शुश्रूषेची नोंद

मराठीत आजाऱ्याच्या देखभालीसाठी वेगळे क्रियापद लागत नाही. 'ती सासूचं करते' एवढे म्हटले की अंघोळ, भरवणे, कूस बदलणे, रात्रीची जाग असे सगळे त्यात येते. मुंबईच्या उपनगरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक बायकांनीच विनावेतन केले. सरकारदरबारी त्याची दखल फार उशिरा घेतली गेली, आणि तीही अर्धीच.

अंधेरी आणि घाटकोपर 1950 मध्ये मुंबई महापालिकेत आले, बोरिवली आणि मुलुंड 1957 मध्ये. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर अशा पालिका रुग्णालयांत उपचार होत. घरी सोडल्यानंतरचे सगळे मात्र कुटुंबावर. वन-रूम-किचनमध्ये खाट एकदा भिंतीला लागली की घराचा दिवस तिच्याभोवती फिरू लागतो, आणि कोणाची तरी नोकरी सुटते.

राज्यात 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. तिचे अर्ज तहसील कार्यालयात जातात. 1 ऑक्टोबर 1990 रोजी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके. मुलुंड आणि घाटकोपरचे लोक कुर्ला तालुक्यात मोडतात. चौकशी व्हायची ती वयाची, रहिवासाची, अपंगत्वाची आणि उत्पन्नाची. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची 21,000 रुपयांची मर्यादा तर वर्षानुवर्षे हलली नाही. आईजवळ बसण्यासाठी काम सोडलेल्या मुलीचा बुडालेला पगार या चौकशीचा विषयच नव्हता.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने 40 टक्क्यांची रेघ आखली, आणि 2001 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते टक्के कसे काढायचे ते ठरवले. हात असेल तर सांधा किती अंशांत वळतो, स्नायूंत जोर किती, पकड कशी, हे तपासून आकडा निघतो. तो हात सकाळी बाहीत कोण घालते, हे त्या आकड्यात येत नाही. मानसिक आजारासाठीच्या 'आयडियाज' मोजपट्टीत स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद आणि काम अशा चार बाबी असतात. त्यांची माहिती घरच्या माणसाकडूनही घेतली जाते, म्हणजे करणारी व्यक्ती निदान खोलीत तरी येते. पण साक्षीदार म्हणून. तिच्यावरचा भार मोजायचे साधन देशात नव्हते असे मुळीच नाही. पै आणि कपूर यांची कुटुंबभाराची प्रश्नावली 1981 मध्येच प्रसिद्ध झाली होती. ती संशोधनात वापरली गेली, प्रमाणपत्राच्या टेबलापर्यंत पोहोचली नाही.

ब्रिटनमध्येही करणाऱ्याची दखल सहज घेतली गेली नाही. तिथे 1976 मध्ये शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता आला, पण विवाहित स्त्रिया घरीच असतात असे धरून त्यांना वगळले होते. युरोपीय न्यायालयातल्या खटल्यानंतर 1986 मध्ये त्यांना तो मिळू लागला. 1995 च्या कायद्याने करणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन मागता येऊ लागले. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने तो हक्क आणखी पक्का केला.

भारतात 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'काळजीवाहका'ची व्याख्या केली. मोबदला घेऊन किंवा न घेता देखभाल करणारे आईवडील आणि इतर नातलग तिच्यात स्पष्टपणे येतात. कलम 38 नुसार जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला, किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणालाही, अर्ज करता येतो आणि मूल्यमापन मंडळ ती गरज तपासते. अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम 24 मध्ये आहे. शरीराच्या टक्क्यांपलीकडे, माणसाला किती मदत लागते हे विचारण्याची सोय कायद्यात झाली, हे या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल.

प्रत्यक्ष पैसे मात्र अजून टक्क्यांच्याच वाटेने येतात. महापालिकेच्या 2024 च्या धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजनेत 40 ते 80 टक्क्यांच्या पिवळ्या दिव्यांग ओळखपत्राला वर्षाला 12,000 रुपये मिळतात, त्यावरच्या निळ्या ओळखपत्राला 36,000. निराधार योजनेतले दिव्यांगांचे अनुदान राज्य सरकारने 2025 मध्ये महिना 1,500 वरून 2,500 रुपये केले. या दोन्ही रकमा दिव्यांग व्यक्तीच्या नावाने मंजूर होतात. केरळातल्या 'आश्वासकिरणम्' योजनेत महिना 600 रुपयेच आहेत, पण ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणाऱ्यासाठी आहेत.