सुरतेहून घाटावर: एका सहलीच्या वाटेचा इतिहास

गणपती उठले की दसऱ्याचे वेध लागतात. आपल्या इच्छापोर-हजिरा भागात दसऱ्याला कोणाच्या ना कोणाच्या दारात नवी गाडी उभी असतेच. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक आणि शेजारीपाजारी पेढे. मग दिवाळीच्या सुट्टीत गाडी ‘घाटावर’ न्यायचा बेत ठरतो. अलीकडे काही कुटुंबे युरोपात जाऊन, भाड्याची गाडी घेऊन आल्प्सचे घाटही चढून येतात. पण बहुतेकांची पहिली लांबची फेरी ठरलेली असते. एक तर वघईवरून सापुतारा आणि पुढे वणीच्या सप्तशृंगीचे दर्शन, नाही तर व्यारा, सोनगड, नवापूर करत कोंडाईबारीच्या घाटाने धुळ्याकडे, म्हणजे अनेकांच्या मूळ गावाकडे. या वाटा सहलीच्या झाल्या त्या अगदी अलीकडे. त्याआधी त्यांवरून कोण गेले आणि काय वाहून गेले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

नव्या गाडीपासूनच सुरुवात करू. सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो सुवालीला उतरला. हीच ती सुवाली, जिथे आपण रविवारी संध्याकाळी मुलांना वाळूत खेळायला नेतो. बादशहा जहांगीरला नजर करण्यासाठी आलेल्या वस्तूंत एक इंग्रजी घोडागाडी होती आणि ती हाकायला एक इंग्रज गाडीवानही होता. जहांगीरने ती गाडी पाहून तशीच दुसरी आपल्या कारागिरांकडून बनवून घेतली. १६१६ च्या नोव्हेंबरात अजमेर सोडताना तो त्या नव्या गाडीत बसला, आणि मूळ इंग्रजी गाडी नव्या भारी कापडाने मढवून नूरजहानला दिली. परदेशी गाडीची हौस काही आजची नाही!

रो स्वतः सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार या वाटेने बऱ्हाणपूरला गेला. त्याला पंधरवडा लागला. तापीच्या खोऱ्यातली ही वाट मोगलाईत सुरत बंदराला आग्र्याशी जोडत होती. त्याच शतकात या वाटांनी फिरलेला फ्रेंच जवाहिरी तावेर्निये याने वंजाऱ्यांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. धान्य आणि मीठ लादलेले दहा-दहा, बारा-बारा हजार बैल एका तांड्यात असत. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पुढे सरकेपर्यंत गाडीवाल्याला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे. घाटात ट्रकमागे अर्धा तास अडकलो की आपण कुरकुरतो, तेव्हा हे आठवावे.

दुसरी वाट बागलाणची. सुरतेत राहणारा मराठी माणूस हा विषय घरी एका आवाजात बोलतो आणि शेजाऱ्यांत जरा हलक्या आवाजात. जानेवारी १६६४ नंतर ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी केली. ५ ऑक्टोबरला सैन्य सुरतेतून निघाले आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेशी त्याची लढाई झाली. लादलेली घोडी, पाठीवर शत्रू, अशा स्थितीत समुद्रकाठावरून सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे अवघ्या बारा दिवसांत. पुढे फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. सापुताऱ्याहून वणीकडे जाताना लागणारा हातगड आणि त्याच डोंगररांगांतले साल्हेर-मुल्हेर हे घाटवाटांचे राखणदारच. अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडला ठाणे केले, तेही याच वाटांवर नजर ठेवून. बडोद्याच्या वैभवाचे मूळ त्या लहानशा डोंगरी किल्ल्यात आहे.

मग इंग्रज आले, ते सागासाठी. १८४२ मध्ये त्यांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. डांगचा साग जहाजांना लागला, पुढे रेल्वेलाही. त्या राजांच्या वंशजांना आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या डांग दरबारात सालियाना मिळतो. गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत छोटी गाडी नेली, तिचाही मोठा आधार लाकूडच होता.

हे फक्त आपल्याकडचे नाही. सिंप्लॉन खिंडीतला गाडीरस्ता नेपोलियनने १८०५ मध्ये पुरा केला, तो तोफा इटलीत उतरवता याव्यात म्हणून. २,७५७ मीटर उंचीचा, एका अंगाला ४८ वळणे असलेला स्टेल्व्हिओचा घाट ऑस्ट्रियाने १८२० च्या दशकात बांधला, तो लोंबार्डीवरची पकड सुटू नये म्हणून. आपला बोरघाटही वेलस्लीने १८०४ मध्ये तोफांसाठी सुधारला आणि १८३० मध्ये तिथे पक्का गाडीरस्ता झाला. आज जिथे आपण थांबून फोटो काढतो, ते प्रत्येक वळण कोणा मजुराने कोणाच्या तरी लष्करासाठी किंवा मालासाठी खोदलेले असते.

सापुतारा ‘थंड हवेचे ठिकाण’ झाले त्याचीही हकीकत आहे. डांग कोणाचा, हा वाद संयुक्त महाराष्ट्राच्या काळात फार तापला होता. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत आला. महाबळेश्वर, माथेरान महाराष्ट्रात राहिले होते आणि अबू १९५६ मध्येच राजस्थानात गेला होता. म्हणून नव्या राज्याने सुमारे हजार मीटर उंचीवरचे सापुतारा वसवायला घेतले. तळे, बागा, हॉटेले झाली. मात्र तिथे आधी वस्ती होती. त्या आदिवासी कुटुंबांना जवळच नवागामला हलवावे लागले. बोटिंगच्या रांगेत उभे असताना मक्याचे कणीस भाजून देणाऱ्या बाईची आजी कदाचित याच जागेवर नागली पेरत असेल. तिच्याशी दोन शब्द बोलून पाहा. तिच्या डांगी बोलीत आपल्या अहिराणीचे, मराठीचे शब्द ओळखीचे वाटतील. राज्याची सीमा तिच्या नात्यागोत्यांतूनच गेलेली आहे. एक बहीण डांगात, दुसरी सुरगाण्याला.

आपलेही तसेच आहे. कोणाचे आजोबा गिरणीसाठी आले, कोणाचे वडील हजिऱ्याच्या कारखान्यांसाठी. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, ज्याला आपण अजून ‘सहा नंबर’ म्हणतो, तोच आपल्याला माहेरी नेतो आणि परत आणतो. नवापूरच्या स्टेशनात फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. मुलांना तिथे मुद्दाम बसवावे.

यंदा दिवाळीत गाडी घाटावर न्याल तेव्हा सोनगडला दहा मिनिटे थांबा, हातगड चढा, नवागामचे नाव मुलांना सांगा. या वाटेवर बैल, घोडी, लाकूडतोडे आणि मजूर यांचा घाम जिरला आहे. त्यावरून वातानुकूलित गाडीत जाण्यात अपराध काही नाही. पण खिडकीबाहेर फक्त ‘व्ह्यू’ पाहून परत आलो, तर निम्मी सहल राहूनच गेली म्हणायची.

गणपतीबाप्पा मोरया!