नॉमिनीच्या रकान्याची कुळकथा

बोरिवली-मुलुंडच्या गृहनिर्माण संस्थांत नॉमिनेशनचा अर्ज तीन प्रतींत भरून घेतात. त्यात बायकोचं नाव लिहिलं की मुलाबाळांची सोय झाली, असं घरोघरी मानलं जातं. या रकान्याचा उगम मात्र घरादारांशी निगडित नाही. तो आहे इंग्लंडमधल्या कामगारांच्या फ्रेंडली सोसायट्यांत. सभासदांकडून थोडेथोडे पैसे गोळा करून आजारपण आणि मयतीचा खर्च भागवणारी ही मंडळं. सभासद वारला की किरकोळ रकमेसाठी त्याच्या विधवेला प्रोबेटच्या, म्हणजे न्यायालयात वारसाहक्क सिद्ध करण्याच्या, फेऱ्यांत अडकवायला नको, म्हणून तिथल्या १८७५ च्या कायद्याने ५० पौंडांपर्यंत नाव नेमून ठेवायची मुभा दिली. १८८३ मध्ये ही मर्यादा १०० पौंड झाली. नेमलेल्या माणसाला ती रक्कम खरोखरच मिळे, जणू छोटं मृत्युपत्रच. इतका मोठा अधिकार देणं परवडत होतं ते रक्कम लहान होती म्हणूनच, असं माझं मत आहे.

हा रकाना आपल्याकडे विम्यातून आला, असं अनेकांना वाटतं. पण विमा कायद्याचं कलम ३९ हे १९३८ चं, आणि १९१२ च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम २२ मध्ये नॉमिनी आधीच हजर आहे. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ आणि १८९७ च्या अहवालांत युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास मांडला होता, आणि सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा. नॉमिनी याच वाटेने आला असणार, हा माझा तर्क. वाटेत पौंडांची मर्यादा मात्र गळून पडली. शेतकऱ्याच्या पतपेढीतल्या शेअरची किंमत ती किती असणार, म्हणून तेव्हा कुणाला त्याची फिकीर वाटली नसावी. शिवाय त्या कलमाचा रोख संस्थेला मोकळं करण्याकडे होता: नियमाने हस्तांतर केलं की इतर कुणाचा दावा संस्थेवर चालणार नाही. तेच सूत्र १९२५ च्या मुंबई कायद्यातून १९६० च्या महाराष्ट्र कायद्याच्या कलम ३० मध्ये उतरलं. १९६३ च्या फ्लॅट मालकीविषयक ‘मोफा’ कायद्याने बिल्डरला खरेदीदारांची संस्था स्थापन करून देणं बंधनकारक केलं, आणि पतपेढीच्या शेअरसाठी घडलेला रकाना अंधेरी-घाटकोपरच्या फ्लॅटला चिकटला.

मर्यादा गेल्यावर अधिकाराला कात्री लागणं भागच होतं, आणि ती न्यायालयांनी लावली. तेव्हाच्या कायद्यानुसार विम्याचा नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, मालक वारसच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं. यावर २०१६ च्या पश्चिम बंगालच्या प्रकरणाचा दाखला देतात, ज्यात संस्थेला नॉमिनीच्या नावे हस्तांतर करणं बंधनकारक ठरलं. पण त्याच निकालात वारसांचा मालकीचा दावा खुला ठेवला आहे; म्हणजे तो संस्थेच्या दप्तराबद्दल आहे, घराच्या मालकीबद्दल नाही. कंपनी कायद्याच्या शब्दरचनेमुळे शेअरचा नॉमिनी मालक होतो, असा निकाल २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयातूनच आला होता. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या वादात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही वाट बंद केली.

मुलं लहान असतील तर याची झळ जास्त बसते. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये पत्नी, प्रत्येक मूल आणि हयात असलेली आई यांचा समान हिस्सा येतो. नॉमिनी एकटी पत्नी असली तरी. अज्ञान मुलाचा हा हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, मग फ्लॅट विकून शिक्षणाचा खर्च काढायचा कसा? मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. तरीही लोक त्या रकान्यावर विसंबतात, याची मला खरोखर काळजी वाटते. महाराष्ट्राने २०१९ मध्ये आपल्या सहकार कायद्यात घातलेल्या कलम १५४ब-१३ मध्ये मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांचा उल्लेख आधी येतो, नॉमिनीचा शेवटी. आणि वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला दर्जा दिला आहे तो तात्पुरत्या सभासदाचा.