गॉथिक: पुनरुज्जीवन नेमकं कोणाचं?

पुनरुज्जीवन म्हटलं की आधी काहीतरी जिवंत असावं लागतं. इंग्लंडमध्ये प्युजिनने 1836 साली ‘कॉन्ट्रास्ट्स’ लिहून मध्ययुगीन वास्तुकलेची बाजू घेतली, तेव्हा त्याच्यासमोर त्यांचीच जुनी चर्चं उभी होती. यंत्रयुगात हरवलेली श्रद्धा त्याला परत हवी होती. आणि आपल्या कोल्हापुरात? मेजर चार्ल्स मांट यांच्या आराखड्यानुसार 1872 ते 1876 या काळात इथला टाऊन हॉल गॉथिक शैलीत उभा राहिला. करवीरच्या माणसाला त्या टोकदार कमानींची कसली आठवण असणार? म्हणजे बघा, आठवण दुसऱ्याची होती. आपल्याकडे ती सत्तेची भाषा म्हणून आली.

मग परकं म्हणून आपण ते सोडून द्यायचं का? इथे रस्किन उपयोगी पडतो. गॉथिकचं मोल त्याने कारागिराला मिळणाऱ्या मोकळिकीत शोधलं. याच रस्किनने 1857 नंतर हिंदी कलेला कठोर बोल लावले. तरी त्याची कसोटी आपल्या कामाची आहे. 1888 साली पूर्ण झालेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसची नक्षी जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी घडवली. तिथे दगडात मोर आला. मांटनेच आखलेल्या, 1884 साली पुऱ्या झालेल्या आपल्या नव्या राजवाड्यात घुमट आणि छत्र्या आल्या.

टाऊन हॉल दाखवताना आपण मांटचं नाव घेतो. दगड घडवणाऱ्या पाथरवटाचा विषयच निघत नाही. रस्किनची कसोटी खरी मानायची, तर चर्चेची सुरुवात त्याच्यापासून करायला हवी.