सिनेमाआधीचं सरकार

टॉकीजमधले दिवे मालवले की हिरोच्या आधी पडद्यावर सरकार यायचं. धरणाच्या सांडव्यावरून फेसाळत कोसळणारं पाणी, फीत कापणारे मंत्री आणि त्यावर धीरगंभीर आवाजातलं निवेदन.

ही रीत इंग्रजांची. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रचारासाठी त्यांनी १९४३ मध्ये ‘इंडियन न्यूज परेड’ हे वृत्तचित्र काढलं आणि थिएटरांवर सरकारी माहितीपट दाखवण्याची सक्ती केली. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये मुंबईत सरकारी माहितीपट बनवणारं फिल्म्स डिव्हिजन उभारलं आणि सक्तीही पुन्हा आणली. वर थिएटरवाल्यांकडून भाडंही घेतलं! हे चुकलंच.

तरी त्याच छपराखाली १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्रींनी ‘आय अ‍ॅम २०’ केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलं त्यात देशाबद्दल मोकळेपणी बोलतात. कुणी आशेने, कुणी चिडून. सरकारी पैशातून इतका प्रामाणिक माहितीपट क्वचितच निघाला. जरूर पाहा.