सुरण : खाज घालवा, चव राखा

मंडईत मातीने माखलेला सुरणाचा गड्डा दिसला, की शहरातील गिऱ्हाईक सहसा पुढे सरकते. एकदा घसा खाजला, की त्या घरात सुरण पुन्हा वर्षानुवर्षे येत नाही. वास्तविक यात दोष कंदाचा कमी आणि पूर्वतयारीतील घाईचा अधिक असतो.

सुरण हा अळूच्याच कुळातील. अळूप्रमाणे त्याच्याही गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला घास चावताना या सुया जीभ, टाळू व घशात रुततात आणि खाज सुटते. आंध्र प्रदेशातील कोव्वूरच्या संशोधन केंद्राची ‘गजेंद्र’ ही जात कमी खाजरी आहे, तर रानसुरण फारच खाजरा असतो. मात्र चिरलेल्या फोडीवरून जात ओळखणे कठीण. त्यामुळे प्रत्येक सुरण खाजरा आहे असे धरूनच तयारी करावी, हे उत्तम.

विकत घेताना कापलेला भाग कोरडा, घट्ट आणि बुरशी नसलेला पाहून घ्यावा. चिरण्यापूर्वी गड्डा धुऊन पूर्ण सुकवावा. हात कोरडे ठेवून तळव्यांना गोडेतेल चोळावे. साल पातळ न काढता जाडसर काढावी आणि कोंबाभोवतीचा भाग टाकून द्यावा. येथे काटकसर उपयोगाची नाही. फोडी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, मीठ आणि चिंचेचा कोळ किंवा आमसुले घातलेल्या पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात. नंतर त्याच पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यावे. आंबटामुळे फोडी मोडत नाहीत, पण शिजायलाही वेळ घेतात. शिजले की नाही हे पाहण्यासाठी तुकडा तोंडात टाकण्याचा मोह टाळावा. सुरी टोचून पाहावी.

सुरणाची खरी गोडी कापांत आहे. सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप वरीलप्रमाणे उकडून निथळावेत. ते मोडण्याइतके मऊ होऊ देऊ नयेत, पण मध्यभागी सुरी सहज गेली पाहिजे. हळद, लाल तिखट, मीठ आणि थोडे कोकम आगळ लावून पंधरा मिनिटे मुरू द्यावेत. मग तांदळाचे पीठ व बारीक रवा यांत घोळवून, तव्यावर कडेने तेल सोडत मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावेत. गरम मसाल्याचा मारा करू नये. सुरणाची स्वतःची चव त्यात हरवते. गरम वरण-भातासोबत हे काप तव्यावरून थेट ताटात वाढावेत. थांबून राहिले तर कुरकुरीतपणा जातो.

उपवासासाठी चिंचेऐवजी आमसुले वापरावीत. उकडलेल्या फोडी तूप-जिऱ्याच्या फोडणीत हिरव्या मिरचीसह परताव्यात आणि दाण्याचे कूट, मीठ व चिमूटभर साखर घालून एक वाफ आणावी. सोबत दही असल्यास उत्तम.

आयुर्वेदात सुरणाला ‘अर्शोघ्न’ असे नाव आहे. भावप्रकाश या ग्रंथाने मूळव्याधीत त्याची शिफारस केली असून कंदभाज्यांत त्याला श्रेष्ठ स्थान दिले आहे. त्वचाविकार आणि रक्तपित्त असणाऱ्यांना मात्र तो वर्ज्य सांगितला आहे. ही दुसरी बाजू कौतुकाच्या भरात बहुधा विसरली जाते. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात, त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरण खाऊ नये. खाल्ल्यावर जीभ वा घसा सुजला किंवा श्वास घेण्यास त्रास झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावे.

अख्खा गड्डा हवेशीर, कोरड्या जागी काही आठवडे सहज टिकतो. कापलेला तुकडा मात्र फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा आणि चिरताना वरची सुकलेली चकती काढून टाकावी.