साथरोग सर्वेक्षण : आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण

संशयित रुग्णांची माहिती सातत्याने गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे आणि त्यानुसार प्रतिबंधक उपाय वेळीच योजणे, या पद्धतीस साथरोग सर्वेक्षण म्हणतात. गावपातळीवरील आरोग्यसेवकाची नोंद हा तिचा पाया होय.

मुंबईत १८९६ मध्ये उद्‌भवलेल्या प्लेगनंतर १८९७ चा साथरोग अधिनियम संमत झाला. सुरतेच्या १९९४ मधील प्लेगनंतर १९९७ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम आणि नोव्हेंबर २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. आरोग्यसेवकाने लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकाऱ्याने संभाव्य निदानावरून व प्रयोगशाळेने तपासणीवरून असे तीन स्वतंत्र तक्ते दर आठवड्यास भरावयाचे असत. ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर लागू झालेल्या एकात्मिक आरोग्य माहिती मंचामुळे नुसत्या आकड्यांऐवजी प्रत्येक रुग्णाची, स्थळासह व तत्काळ, नोंद करणे शक्य झाले.

या बदलाचे महत्त्व सिंधुदुर्ग जिल्ह्यात विशेष जाणवते. मालवणच्या किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात ‘ताप’ या एकाच लक्षणामागे अनेक रोग असतात. पावसाळ्यात भातखाचरांतील चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तर हिवाळ्याअखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत माकडताप आढळतो. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला हा विषाणुजन्य रोग २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात उद्‌भवला. तो गोचिडांमार्फत पसरतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी परिसरात विखुरतात व काजूच्या बागांत किंवा रानात जाणाऱ्यांना चावतात. संसर्गानंतर साधारणतः तीन ते आठ दिवसांत लक्षणे दिसतात. त्यामुळे साप्ताहिक अहवाल हाती येईपर्यंत नवे रुग्ण आजारी पडलेले असू शकतात.

म्हणून प्रशिक्षण केवळ भ्रमणध्वनीवरील रकाने भरण्यापुरते राहून चालत नाही. रुग्ण चिखलात उतरला होता की रानात गेला होता, हे विचारणे, माकडांच्या मृत्यूची वार्ता रुग्ण आढळण्यापूर्वीच कळविणे आणि संपर्कजाळे नसलेल्या वाडीतील नोंद कागदावर करून नंतर प्रणालीत भरणे, ही कौशल्येही त्यात अंतर्भूत असावी लागतात. कळविलेल्या नोंदीवर काय कार्यवाही झाली, हे आरोग्यसेवकास परत कळविणेही तितकेच आवश्यक असते. अन्यथा नोंदी यांत्रिकपणे भरल्या जातात व प्रणाली वेगवान असूनही साथीची सूचना उशिराच मिळते.